हादगा : मखमलाबादच्या तीन गुंठ्यांतल्या नोंदी

हादग्याचं, म्हणजे ज्याच्या फुलांची भाजी करतात त्या झाडाचं, रोप कुणी मागायला आलं की मी आधी ही वही पुढे करते. तीच इथे उतरवून काढली आहे. थोडी खाडाखोड केलीय, चुका तशाच ठेवल्यात.

जागा नाशिकच्या मखमलाबादला, घरामागची, तीन गुंठे. वर काळी माती, दीड फुटावर मुरूम. पूर्वेच्या बांधाला लागून शेजारच्या नानांची द्राक्षबाग, पश्चिमेला आमचं स्वयंपाकघर आणि धुण्याची मोरी. मी घरून बारा डबे देते, त्यामुळे बागेसाठी दुपारी दोन ते चार एवढाच वेळ. सल्ल्याला सासूबाई, म्हणजे आई, चोवीस तास.

२१ मे २०२३

आईंच्या माहेरून, मिरजेकडून, हादग्याच्या वाळलेल्या शेंगा आल्या. तिकडे त्यांच्या भावाचा पानमळा आहे. पानवेल चढवायला शेवरी आणि हादगा लावतात, त्यामुळे शेंगांना तोटा नाही. एकेक शेंग हातभर लांब. किडकं वगळून चाळीस बिया निघाल्या. सगळ्या पांढऱ्या फुलाच्या. लाल फुलाचाही हादगा असतो, पण तो जास्त कडू लागतो. दिसायला सुंदर म्हणून लावायचा असेल तर लावा.

बीचं कवच टणक असतं, गरम पाण्यात टाकावी असं कुणीतरी सांगितलं होतं. चहाचं आधण उतरवलं आणि तसंच वीस बियांवर ओतलं. उरलेल्या वीस आईंनी माझ्या हातून काढून घेतल्या आणि साध्या पाण्यात भिजत घातल्या.

२३ मे

उकळत्या पाण्यातल्या बिया फुगून मऊ झाल्या. चिमटीत दाबली तर साल सुटून डाळ बाहेर. आईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "उसळ करायची होती का गं?"

वीसच्या वीस गेल्या. साध्या पाण्यात दीड दिवस राहिलेल्या टपोऱ्या झाल्या, त्या काळ्या पिशव्यांत अर्धा इंच खोल लावल्या. पिशव्या ५० रुपये. गरम पाणी वापरायचंच असेल तर बोट बुडवून धरता येईल इतपत, त्याहून जास्त नाही.

१ जून

सहाव्या दिवशी पहिला कोंब. आजपर्यंत वीसपैकी चौदा उगवले.

९ जून

पाच रोपं आडवी. सकाळी पाहिलं तर मातीलगत खोड काळं, सुतासारखं बारीक झालेलं, वरची पानं मात्र अजून हिरवी. दोष माझाच. पिशव्यांत नुसती काळी माती भरली आणि उन्हाळा म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. खाली चिखल, वर ऊन.

उरलेली नऊ रोपं दुसऱ्या पिशव्यांत हलवली. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत. वाळू आणि खत मिळून २०० रुपये, ट्रायकोडर्मा (मूळकुजीवरची उपयोगी बुरशी) पावडर १८० रुपये. पाणी आता बोट खुपसून कोरडं लागलं तरच. त्यानंतर एकही रोप पडलं नाही. ते ट्रायकोडर्मामुळे की पाणी कमी केल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. पुढच्या वेळी पावडर न आणता करून बघणार.

२ जुलै

पाऊस उशिरा आला म्हणून लागवडही लांबली. एका माणसाकडून आठ खड्डे काढून घेतले, दीड फूट लांब-रुंद-खोल, ५०० रुपये. शेणखत ६०० रुपयांचं. पाच रोपं पूर्वेच्या बांधावर सहा-सहा फुटांवर, तीन मोरीजवळ. नववं नानांना दिलं. त्यांनी ते विहिरीच्या कडेला खोचलं आणि विसरून गेले.

पिशवी फाडताना मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या. मी घाबरले, सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, वाटले. द्राक्षवाल्यांच्या शेजारी राहिलं की हा शब्द कानावर असतोच. नानांनी एक गाठ नखाने चिरून दाखवली, आत गुलाबी. "ताई, हे भुईमुगाच्या मुळीला असतं तेच. नत्राच्या गाठी. ह्याला युरिया घालू नका, ते आपलं आपण बघतं." सूत्रकृमीची गाठ मुळातच फुगलेली असते. ही बाजूला चिकटलेली होती, नखाने सुटून आली.

१२ जुलै

बांधावरचं एक रोप शेळीने शेंड्यापासून बुडापर्यंत खाल्लं. हादग्याचा पाला शेळ्यांना फार आवडतो हे मला माहीत होतं. कुंपण करायचं राहून गेलं होतं. जाळी ९०० रुपये. दहा दिवस आधी आणली असती तर पाचवं झाड असतं.

२० ऑगस्ट

ऑगस्टमध्ये पाऊसच नाही. चार दिवसांआड प्रत्येकी एक बादली. जमिनीला भेगा, झाडं मात्र चार फुटांवर गेली आणि थांबलेली नाहीत. बाजूची जास्वंद मान टाकून बसलीय.

पिवळी छोटी फुलपाखरं पानांवर घुटमळत होती, छान वाटत होतं. आठवड्याने हिरव्या अळ्या दिसल्या, पानाच्या रंगाच्या, अगदी डोळ्यासमोर असून न दिसणाऱ्या. दोन झाडांना नुसते दांडे उरले. निंबोळी अर्क आणला, १५० रुपये, दोनदा मारला. मारायच्या आधी निम्म्या अळ्या बुलबुलांनी खाल्ल्या होत्या आणि पंधरा दिवसांत झाडांनी स्वतःच पालवी धरली. मोठ्या झाडाला याची गरज नाही असं माझं मत झालंय. रोप दोन फुटांच्या आत असेल तर अळ्या हाताने वेचा.

१५ ऑक्टोबर

सात झाडं. सर्वांत उंच आठ फूट. फांदी एकही नाही, सरळ काठी आणि वर पानांचा झुबका. ह्यांनी विचारलं, "हे झाड आहे की झेंड्याचा बांबू?"

२७ नोव्हेंबर २०२३

काल अवकाळी आणि गारा. नानांची बाग पोपटी मण्यांवर होती. सकाळी बांधावर गेले तर नाना घडांकडे बघत नुसते उभे. त्यांना काय बोलावं सुचेना. माझ्या सात झाडांची नोंद करायलाही लाज वाटतेय, पण वही आहे म्हणून लिहिते. दोन झाडांचे शेंडे मोडले, एक बांधावरचं, एक मोरीजवळचं. दोन्ही साधारण सहा फुटांवर. खालची पानं फाटली, पण जागेवर आहेत.

१४ जानेवारी २०२४, भोगी

थंडीने पानं पिवळी पडून गळतायत. रोज सकाळी खाली सडा. झाड मरतंय वाटून मी दिवसाआड पाणी द्यायला लागले, तर पिवळेपणा आणखी वाढला. आईंनी पाण्याचा पाइप काढून ठेवला. त्यांच्याकडे हादगा हिवाळ्यात असा उघडा पडल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही, पण मिरजेची थंडी आणि नाशिकची थंडी यात फरक आहेच.

(नंतर लिहिलं :) फेब्रुवारीच्या मध्यात सगळ्यांना नवी पालवी आली. या झाडाला नाशिकमध्ये उन्हाची भीती नाही, पाण्याच्या ताणाची नाही, डिसेंबर-जानेवारीची आहे. निफाडच्या खोलगट शेतात, जिथे दव गोठतं, तिथे पहिल्या वर्षाचं रोप मी तरी उघड्यावर लावणार नाही.

१० मार्च

माझी सर्वांत मोठी चूक. बाकीचं सगळं विसरलात तरी एवढी नोंद वाचा.

शेवगा वर्षाला तीन फुटांवर कापतात, तो चहूबाजूंनी फुटतो, शेंगा हाताला येतात. घरी दोन शेवगे आहेत, त्यांची छाटणी मीच करते. हादगाही शेंगेचं, पटापट वाढणारं, मऊ लाकडाचं झाड, मग नियम तोच असणार. बांधावरची न मोडलेली तीन झाडं करवतीने तीन फुटांवर कापली. लाकूड मुळ्यासारखं, अर्धं मिनिटही लागलं नाही. कापल्या जागी लाल डिंकाचे थेंब आले, संध्याकाळपर्यंत काळे पडले. चौथं, गारांनी शेंडा मोडलेलं, तेवढं सोडलं. त्याला आधीच चार फांद्या फुटल्या होत्या.

२१ एप्रिल

तीनपैकी दोन खुंट वाळले. सालीखाली नखाने खरवडलं तर आत तपकिरी, कोरडं. तिसऱ्याला बुडाशी एकच धुमारा, तोही बारीक. गारांनी मोडलेलं झाड त्यांच्याच रांगेत, त्याच मातीत, हिरवंगार.

नाना आले, खुंट पाहिले. "ताई, पानच ठेवलं नाही तर तो खाणार काय?"

त्यांच्या विहिरीवरचं झाड बघायला गेले. बारा फूट, सहा-सात फांद्या. त्यांनी छाटणी म्हणून काहीच केलेलं नाही. शेळीसाठी खालच्या एक-दोन फांद्या ओढून मोडतात, वरचा झुबका तसाच. गारांनीही माझ्या दोन झाडांना तेच केलं होतं, फक्त शेंडा मोडला, खालची पानं ठेवली. मी पानासकट सगळंच नेलं.

आता पद्धत अशी ठरवली : झाड पाच-सहा फूट झालं की नुसता शेंडा खुडायचा, हाताने. खाली निदान आठ-दहा पानांचे दांडे हवेत. जुनं खोड करवतीने उघडं करायचं नाही. वाळलेल्या त्या दोन झाडांमागे दहा महिने गेले.

१९ मे

वळवाचा पाऊस, त्याआधी वावटळ. मोरीजवळचं सर्वांत उंच, चौदा फुटी, शेंडा कधीच न खुडलेलं झाड मधोमध मोडलं. काडकन आवाज आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. उरलेल्यांना बांबू लावले, ४८० रुपयांचे आठ आणले, चारच लागले. सुंभाने बांधताना आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. आधी घट्ट बांधलं होतं, महिन्यात सालीत रुतलं.

हिशेब : लावली आठ, राहिली चार. बांधावर गारेचं झाड आणि तो धुमाऱ्याचा खुंट, मोरीजवळ दोन.

३० ऑगस्ट २०२४

गेल्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदेला पूर. आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही, पण पावसाचंच पाणी मोरीच्या कोपऱ्यात सहा दिवस घोटाभर साचून होतं. तिथला एक शेवगा बुडाशी कुजला, ढकलल्यावर पडला. हातभरावरचे दोन्ही हादगे जसेच्या तसे. पाणी ओसरल्यावर बुडाशी पांढरी, स्पंजासारखी नवी मुळं फुटलेली दिसली. मोरीजवळ लावायचं असेल तर शेवग्यापेक्षा हा बरा. मार्चमध्ये हे दोघे वेगळे आहेत हे मला इतक्या स्वस्तात कळलं असतं तर!

१५ सप्टेंबर

कळ्या! पानांच्या बेचक्यात दोन-दोन, तीन-तीन, खाली लोंबणाऱ्या. अर्धचंद्रासारख्या वाकड्या, पोपटी. लावल्यापासून साडेचौदा महिने. पहिल्या वर्षातच फुलतो असं मी ऐकलं होतं, पण गारा आणि थंडीत माझे तीन महिने गेले असावेत. आई म्हणतात अगस्तीचा तारा उगवायच्या सुमाराला तो फुलतो, म्हणून त्याला अगस्ता म्हणतात.

२८ सप्टेंबर

पहिली भाजी. कडू झाली.

चाळीस फुलं अख्खीच धुऊन चिरली, पीठ पेरून केली. ह्यांनी दोन घास खाऊन पाणी मागितलं. आईंची एकादशी होती, त्यामुळे सांगायला कुणी नव्हतं. तीन डब्यांत थोडी-थोडी दिली होती, एका डब्यातून तशीच परत आली.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

आईंनी ओट्याशी बसवून शिकवलं. पहाटेची, नुकती उमलायला लागलेली किंवा उमलायच्या बेतातली फुलं घ्यायची. पूर्ण उघडून लोळलेली नकोत. फूल डाव्या हातात उताणं धरायचं. बुडाचा हिरवा पेला नखाने मोडायचा. मग होडीसारखी पाकळी असते ती उघडली की आत वाकडा, पांढरा-पिवळसर दांडा, टोकाला परागांचे ठिपके. तो बुडापासून चिमटीत धरून एका झटक्यात ओढायचा. अर्धवट तुटला तर उरलेला तुकडाही काढायचा. कडवटपणा मुख्यतः त्यातच. पाकळ्या बोटाने चाळवून बघायच्या, मुंग्या असतात.

पन्नास फुलं साफ करायला मला पंचवीस मिनिटं लागली, आईंना दहा. साफ झाल्यावर वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, शिजल्यावर वाटीभर. चौघांना हवी तर शंभर फुलं धरा.

कृती : तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा मऊ झाला की हळद आणि फुलं. पाणी नाही. झाकण दोन मिनिटं, फुलं बसली की मीठ. मीठ आधी घातलं तर अंदाज चुकतो, कारण कढईभर फुलांची मूठभर होतात. मग चमचा-चमचा बेसन पेरून वाफ. चिमूटभर गूळ आई घालतात, मी नाही. हलका कडवटपणा राहतोच आणि राहायला हवा, नाहीतर कोबी काय वाईट? त्याच फुलांची भजी केली तर मुलांना कळतही नाही. अख्खं साफ केलेलं फूल पातळ पिठात बुडवायचं.

जाता जाता : शेजारची मुलगी म्हणाली, मी मोबाईलवर हादगा शोधला तर सगळी फेर धरायची गाणीच आली. तिला भोंडला माहीत होता, त्यालाच सासूबाईंकडे हादगा म्हणतात हे माहीत नव्हतं. मग आईंनी पाटावर हत्ती काढला आणि खिरापतीला हादग्याची भजी ठेवली. कुणालाही ओळखता आली नाही.

२० ऑक्टोबर

हे मला लागवडीच्या वेळी सुचायला हवं होतं.

नानांची ऑक्टोबर छाटणी झाली, बाग पोंग्यातून, म्हणजे कोंब फुटायच्या अवस्थेतून, पुढे सरकतेय. आता डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीला खंड नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे त्यांचा फवारा कधी इकडे आला नव्हता. आता वारा फिरलाय. काल संध्याकाळी ब्लोअर (फवारणीचं यंत्र) बांधाजवळून गेला आणि गारेच्या झाडावरची फुलं ओली झाली, वास येत होता.

फुलं धुऊन चालेल का, म्हणून नानांनाच विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "नका खाऊ. द्राक्षाला फवारा मारला का काढणीला किती दिवस थांबायचं ते मला पाठ आहे. तुमच्या फुलाचं ते कुठंच लिहिलेलं नाही. आणि फूल तर तुम्ही दुसऱ्या दिवशी तोडता."

बांधावरच्या दोन्ही झाडांची फुलं या हंगामात बंद. पाला शेळ्यांनाही देत नाही, आळ्यात आच्छादन म्हणून टाकते. नाना फवारायच्या आदल्या रात्री फोन करतात, बांधालगतच्या दोन ओळींत ब्लोअर हळू चालवतात. मोरीजवळची दोन झाडं बांधापासून साठ फूट दूर आहेत आणि मध्ये घर आहे, ती फुलं आम्ही खातो. नाशिकमध्ये बागेशेजारी लावत असाल तर आधी ऑक्टोबरचा वारा कुठून येतो ते बघा आणि झाड बागेच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो तिकडे, लावा.

१० नोव्हेंबर

दोन झाडांवरून रोज तीस ते साठ फुलं. सर्वांत जास्त ११० निघाली, दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. खार आणि शिंजीर पक्षी आमच्या आधी पोचतात. उंचावरच्या फुलांसाठी ह्यांनी बांबूला तार वाकवून आकडी केलीय. फांदीवर चढायचा विचारही करू नका, मुळ्यासारखं लाकूड आहे हे वर लिहिलंच आहे.

डब्यांत दर गुरुवारी देते. बारापैकी दोघांनी "परत नको" सांगितलं, एकाने रोपाची चौकशी केली.

१७ डिसेंबर

अंगणातल्या थर्मामीटरवर पहाटे ८. कळ्या उमलायच्या आतच गळतायत, आज जमिनीवर चाळीसेक मोजल्या. यंदा पाणी वाढवलं नाही. बुडाशी पाचट आणि वाळका पाला पसरला, बस्स. मोठ्या झाडांची पानं गेल्या वर्षीपेक्षा कमी पिवळी झालीत.

धुमाऱ्याच्या खुंटाला बुडाशी भोक आणि खाली भुसा दिसला. खोडकिडा. तार घालून पाहिली, आत पोकळ लागलं. काढून टाकला. आता तीन झाडं.

१९ जानेवारी २०२५

खर्च : पिशव्या ५०, वाळू-खत २००, ट्रायकोडर्मा १८०, खड्डे ५००, शेणखत ६००, जाळी ९००, निंबोळी अर्क १५०, बांबू ४८०. एकूण ३,०६० रुपये. यातले निंबोळी अर्क आणि चार बांबूंचे पैसे वाचले असते, ट्रायकोडर्माचे कदाचित.

कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, त्या मोजल्या : ३१ वेळा भाजी, ६ वेळा भजी. कोवळ्या शेंगांची भाजी एकदाच केली. बोटभर असताना बरी लागते, वीतभर झाली की दोरा.

यंदा बांधावर काही लावणार नाही. मोरीपलीकडे आणखी तीन झाडं, शेंडा हाताने खुडून. गारेच्या झाडाचा पाला आच्छादनालाच. नानांनी त्यांच्या विहिरीवरच्या झाडाखाली आता शेळीच बांधलीय.

मोरीजवळच्या झाडावर दहा-बारा शेंगा वाळायला ठेवल्या होत्या, काल उतरवल्या. बी काढून राख चोळून बरणीत भरलंय. बरणीवर चिठ्ठी आईंनी चिकटवली, त्यांच्या अक्षरात : "हादगा, पांढरा. पाणी गार."